पिरेआसच्या धक्क्यावर

(मंडळाच्या गणेशोत्सवातील ‘प्रवासातले अनुभव’ या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आवरून लिहिला आहे.)



कार्यक्रम समितीने मला सांगितलं होतं, “ताई, ग्रीसवर वीस मिनिटं बोला आणि सांतोरिनीचे फोटो दाखवा.” निळे घुमट, पांढरी घरं, खाली समुद्र. ते फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. सलूनच्या कॅलेंडरवरसुद्धा असतात. मी काढलेले त्याहून बरे नाहीत. म्हणून मी आज बोलणार आहे ती आमची बोट जिथे चुकली त्या बंदराबद्दल. त्याचं नाव पिरेआस. इंग्रजीत पायरीअस म्हणतात, पण तिथे तसं म्हटलं तर टॅक्सीवाला दोनदा विचारतो.

मे २०२३ मध्ये आम्ही तिघं गेलो होतो. हे, मी आणि माझ्या नणंदबाई. वन्सं पुण्याला असतात, वय बहात्तर, उजवा गुडघा दुखरा, पण हौस आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त. यांना त्या अजून ‘बाळ्या’ म्हणतात. बाळ्याचं वय तेव्हा सहासष्ट होतं.

आपल्यापैकी पुष्कळांची मुलं आता युरोपात असतात आणि आपण त्यांच्याकडे गेलो की जाता जाता ग्रीस उरकून येतो. तेव्हा आधी थोडी उपयोगाची माहिती देते. अथेन्स शहर समुद्रावर नाही. शहराच्या मध्यापासून नैर्ऋत्येला दहा-बारा किलोमीटरवर पिरेआस आहे. ऑक्टोबर २०२२ पासून विमानतळावरून थेट मेट्रो पिरेआसला येते, तिसरी म्हणजे निळी लाइन, साधारण तास लागतो. रात्री-अपरात्री उतरलात तर ‘एक्स ९६’ नंबरची बस आहे, ती चोवीस तास चालते. जुनी हिरवी लाइन शहरातून येते. ती १८६९ साली वाफेच्या इंजिनावर सुरू झाली, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाण्यानंतर सोळा वर्षांनी. तिच्या गर्दीत पाकीट पुढच्या खिशात ठेवा आणि वर हात ठेवा. आमचं गेलं नाही, पण समोरच्या एका गृहस्थांचं गेलं आणि त्यांना ते उतरल्यावरच कळलं. आणि एक लक्षात ठेवा. अथेन्सच्या आसपास बोटींची बंदरं तीन आहेत, पिरेआस, राफिना आणि लाव्रिओ. तिकिटावर कुठलं आहे ते आधी वाचा. आम्ही ते वाचलं होतं. आमची चूक त्याच्या पुढची होती.

सांगायला लाज वाटते, कारण तीस वर्षं मी शाळेत गणित शिकवलं. ‘प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा’ हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा जप केला असता तर मोक्ष मिळाला असता.

झालं असं की माझा भाचा दोन वर्षांपूर्वी रोड्स बेटावर गेला होता. त्याने फोनवर सांगितलं, “मामी, पिरेआसला गेट ई-एक. तिथे उतरा, समोर बोट.” मी वहीत लिहून ठेवलं, गेट ई-एक, आणि खाली दोन रेघा मारल्या. आम्हाला जायचं होतं सांतोरिनीला. पण बंदर तेच, मग गेट तेच, असं मी धरून चालले. आमची बोट सकाळी सात पंचवीसची होती. टॅक्सीने पावणेसातला आम्हाला ई-एकला सोडलं आणि तो भला माणूस निघून गेला.

आता हे गेट म्हणजे काय ते सांगते. पिरेआसचं मोठं बंदर घोड्याच्या नालासारखं आहे. त्या नालाच्या काठाकाठाने ई-एक ते ई-बारा अशी गेटं आहेत. ई-एक एका टोकाला, तिथून रोड्स, कोस वगैरे दूरच्या बेटांच्या बोटी सुटतात. क्रीटच्या बोटी सहसा ई-दोन, ई-तीनच्या बाजूला. मेट्रो स्टेशनच्या समोर ई-सहा, ई-सात, तिथे पारोस, नाक्सोस, सांतोरिनी. ई-आठवरून एजिना, पोरोस, हायड्रा ही जवळची बेटं. ई-अकरा, ई-बाराला पर्यटकांची मोठी क्रूझ जहाजं. हेसुद्धा कायमचं नाही, कंपनी बदलली, मोसम बदलला की गेट बदलू शकतं. बोटीच्या आदल्या दिवशी तिकिटावर आणि कंपनीच्या निरोपात काय लिहिलंय ते पाहायचं, भाच्याच्या फोनवर जायचं नाही. ई-एक ते ई-सात हे अंतर काठाने चालत दीड-दोन किलोमीटर भरतं. आत गेटांमधून फुकट बस फिरते, पण ती आपल्या सोयीने येत नाही.

ई-एकवर एक प्रचंड जहाज उभं होतं. त्याच्या पोटात ट्रक शिरत होते. हे म्हणाले, “हेच असणार.” मी तिथल्या फलकावर सांतोरिनी शोधायला लागले. फलकावर ग्रीक अक्षरं. कुठेही सांतोरिनी नाही. सात वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा मी तिकीट त्या धक्क्यावरच्या माणसाला दाखवलं. त्याने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पाण्यापलीकडे बोट दाखवलं. समोरच्या काठावर, अगदी स्वच्छ दिसत होतं, आमचं जहाज उभं होतं. आपण सिकंदराबादला दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर असावं आणि आपली गाडी एक नंबरवर लागलेली दिसावी, तसं. फक्त मध्ये पूल नाही, पाणी आहे.

मग आम्ही धावलो. दोन चाकांच्या बॅगा, एक पिशवी, त्यात वन्संनी पुण्याहून आणलेल्या दशम्या. टॅक्सी दिसेना. बस समोरून आली ती उलट दिशेला गेली. ट्रक आडवे येत होते, मोटरसायकली बाजूने सुटत होत्या. बंदर म्हणजे काही विमानतळ नव्हे की पट्टा आहे, बाण आहेत, गोड आवाजात सूचना आहेत. डांबर, डिझेलचा वास आणि ज्याला जायचंय त्याने जायचं. हे सगळ्यांत पुढे, मी मध्ये, वन्सं मागे लंगडत.

आम्ही पोचलो तेव्हा सात सत्तावीस झाले होते. जहाजाच्या मागच्या बाजूचा लोखंडी रँप नुकताच धक्क्यावरून सुटला होता. हातभर वर उचलला गेला असेल. साखळ्या करकरत होत्या आणि खाली पंख्यांनी पाणी हिरवं-पांढरं उसळत होतं. हे हातात तिकिटं नाचवत थेट कडेपर्यंत गेले. वरच्या खलाशाने दोन्ही हात छातीसमोर आडवे केले, नाही म्हणून. आणि मी यांचा पाय पाहिला. उजवा पाय मागे घेऊन माणूस उडी मारायच्या आधी जसा टेकतो तसा टेकला होता. एवढंसं अंतर, घरातली मोरी ओलांडावी इतकं.

माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. मागून वन्सं ओरडल्या, “बाळ्या, थांब!”

आणि सहासष्ट वर्षांचा निवृत्त इंजिनिअर जागच्या जागी थांबला. अलिबागच्या आमच्या घराच्या विहिरीवर जसा थांबत असेल तसा. रँप वर गेला, जहाज सरकलं. वन्सं दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसल्या आणि गुडघा चोळायला लागल्या. पाच मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही. मग यांनी मला विचारलं, “ई-एक कोणी सांगितलं होतं?” त्यापुढचा संवाद स्मरणिकेत छापण्यासारखा नाही.

तिकीट खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं की बोट तुमच्यामुळे चुकली, पैसे परत नाहीत. वाऱ्यामुळे किंवा संपामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत किंवा दुसरं तिकीट मिळतं, पण तुम्ही उशिरा आलात. खरंच होतं. उद्याची तीच बोट, माणशी पन्नास युरोच्या आसपास, पुन्हा. त्याने एका कागदावर जाड पेनाने ‘ई ७’ लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि कागद माझ्या हातात न देता वन्संच्या हातात दिला. माणसं ओळखायची कला असते काहींना.

मग मी त्याला विचारलं, “पण फलकावर सांतोरिनी कुठेच का नाही?” त्याने बाहेरच्या फलकाकडे बोट केलं. त्यावर चार अक्षरं होती, थीटा, ईटा, ऱ्हो, अल्फा. थिरा. सांतोरिनीचं ग्रीक नाव थिरा आहे, फलकांवर, तिकिटांवर पुष्कळदा तेच असतं. मी हे थीटा आयुष्यभर फळ्यावर काढलं होतं, कोनाचं माप म्हणून. इथे ते बेटाचं नाव होऊन उभं होतं आणि मला वाचता आलं नाही, कारण मी इंग्रजी वाचत होते. ग्रीक ऱ्हो इंग्रजी ‘पी’सारखा दिसतो, ईटा ‘एच’सारखा. तुमच्यापैकी ज्यांनी शाळेत पाय, थीटा, सिग्मा, डेल्टा गिरवले आहेत त्यांनी जाण्याआधी एक संध्याकाळ घालवून ती चोवीस अक्षरं पुन्हा पाहावीत. पिरेआस हे नावसुद्धा आपल्या वर्तुळाच्या पायनेच सुरू होतं.

तर असा तो सबंध दिवस आम्हाला पिरेआसमध्ये मिळाला. बहुतेक पर्यटकांना हे बंदर अर्धा तास दिसतं आणि ते त्याला शिव्या देत पुढे जातात. आम्ही जवळच्या गल्लीत एक साधं हॉटेल घेतलं, बॅगा टाकल्या, वन्संच्या गुडघ्याला पट्टा बांधला आणि दशम्या खाल्ल्या. बाहेर तिळाच्या गोल कड्या विकणारे असतात, त्याला कुलुरी म्हणतात, शाकाहारी माणसाला तो मोठा आधार. पालक आणि चीज घातलेली पापुद्र्यांची वडीही मिळते. त्यांचं ‘स्पानाकोपिता’ हे नाव वन्संनी दोन मिनिटांत पाठ केलं.

दुपारी पुरातत्त्व संग्रहालयात गेलो. फार गर्दी नसते. १९५९ साली पिरेआसच्या एका रस्त्यात मजूर सांडपाण्याच्या नळासाठी खणत होते, तेव्हा त्यांना जमिनीत ब्राँझचे पुतळे मिळाले. अपोलो, अथेना, आर्टेमिस, माणसाएवढे आणि त्याहून मोठे. त्यातला अपोलो इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला मानतात. पोकळ ओतलेल्या एवढ्या मोठ्या ब्राँझ पुतळ्यांतला तो अगदी जुन्यांपैकी एक. इ.स.पू. ८६ मध्ये रोमन सेनापती सुल्ला याने पिरेआस जाळलं. त्या धामधुमीत हे पुतळे गोदामात राहून गाडले गेले असावेत असं तज्ज्ञांचं मत आहे. म्हणजे जहाजावर चढायला वाट पाहत होते आणि त्यांचीही बोट चुकली. हे मी यांना सांगितलं, पण त्या दिवशी त्यांना विनोद सहन होत नव्हता.

हे बंदर उभं करायचं श्रेय थेमिस्टोक्लीसला देतात. त्याआधी अथेन्सचे लोक फालेरोनच्या उघड्या किनाऱ्यावर नावा ओढत. इ.स.पू. ४९३ च्या सुमारास त्याने ओळखलं की पिरेआसला निसर्गाने एक नाही, तीन बंदरं दिली आहेत, आणि तटबंदी सुरू केली. पुढे लाव्रिओच्या खाणीत चांदी सापडली. ती लोकांत वाटून टाकायच्या ऐवजी दोनशे युद्धनौका बांधा, हे त्याने अथेन्सला पटवलं. इ.स.पू. ४८० मध्ये समोरच्याच सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमार हरलं. नंतर शहरापासून बंदरापर्यंत लांब भिंती बांधल्या, म्हणजे वेढा पडला तरी धान्य समुद्राने येत राहावं. गावाचे रस्ते हिप्पोडॅमसने आखले, सरळ, काटकोनात. आजही मागच्या वस्तीत चालताना ते सरळपण जाणवतं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला सगळा संवाद पिरेआसमधल्या एका घरात घडतो.

आणि मग हे सगळं संपलं. मधल्या काळात इथे फारसं काही उरलं नव्हतं. बंदराच्या तोंडाशी संगमरवराचा एक मोठा सिंह होता, त्यावरून दर्यावर्दी याला ‘सिंहाचं बंदर’ म्हणत. तो सिंहसुद्धा १६८७ मध्ये व्हेनिसवाल्यांनी उचलून नेला. १८३४ मध्ये अथेन्स राजधानी झाली तेव्हा पिरेआस पुन्हा वसायला लागलं. १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून ग्रीक निर्वासितांचे लोंढे जहाजांतून इथेच उतरले. आता या बंदराच्या कंपनीत मोठा वाटा एका चिनी सरकारी कंपनीचा आहे, २०१६ मध्ये ५१ टक्के, २०२१ पासून ६७ टक्के. कंटेनरांचे डोंगर पलीकडे दिसतात. अडीच हजार वर्षं हे बंदर ज्याच्या हातात त्याचा व्यापार, असंच चाललं आहे.

संध्याकाळी आम्ही ई-सातच्या कडेला तास-दीड तास नुसते बसलो. मुद्दाम. शाळेत गणित चुकलं की मी मुलांना तेच गणित पुन्हा सोडवायला लावत असे. बोट येताना कशी येते ते पाहिलं. एवढं मोठं जहाज बंदरात येऊन स्वतःभोवती फिरतं, नांगर टाकतं आणि उलटं, पाठ धक्क्याला लावत येतं. ते पुरतं टेकायच्या आधीच रँप खाली यायला लागतो. रँपला ते ‘कातापेल्तिस’ म्हणतात. जुन्या काळी किल्ल्यावर दगड फेकायचं यंत्र असे, कॅटापुल्ट, तोच शब्द. तो टेकला रे टेकला की आतून ट्रक, मोटारी, मोटरसायकली आणि माणसं एकाच वेळी बाहेर फेकल्यासारखी येतात. नाव समर्पक आहे. तेवढ्यात बाहेरची आत घुसायला उभी.

तिथे बसून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आम्ही याला विमानतळ समजत होतो, ते आहे एस.टी. स्टँड. ही जहाजं आमच्यासाठी नाहीतच. ती आधी भाजीच्या, सिमेंटच्या, औषधांच्या ट्रकसाठी आहेत, मग बेटांवर राहणाऱ्यांसाठी, आणि उरलेल्या जागेत आपण. शेवटच्या बेटाचा ट्रक आधी चढतो, पहिल्या बेटाचा शेवटी, म्हणजे उतरताना अडचण नको. पुढच्या बेटाच्या धक्क्यावर एका वेळी एखाद-दुसरंच जहाज मावतं, तिथे दहा-पंधरा मिनिटं मिळतात. इथे पाच मिनिटं उशीर झाला तर चार बेटांवर उशीर. म्हणून ती थांबत नाहीत. खलाशाने हात आडवे केले त्यात तुसडेपणा नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सव्वासहाला ई-सातवर हजर. वन्संच्या हातात कागद. तिकिटावरचा चौकोनी ठसा मोबाइलवर दाखवला, टक् करून आवाज झाला आणि आत. आत म्हणजे आधी गॅरेज. मोटारींच्या मधून चालायचं, खलाशी ओरडत असतात, घाबरायचं नाही. बाजूला लोखंडी मांडण्या असतात, प्रत्येकीवर बेटाचं नाव. ‘थिरा’ लिहिलेल्या मांडणीवर जड बॅगा ठेवायच्या. पासपोर्ट, औषधं, पैसे मात्र बरोबर घ्यायचे, कारण बोट सुटल्यावर गॅरेज बंद होतं. मग सरकत्या जिन्याने वर. साध्या तिकिटाला ठरलेली जागा नसते, लवकर येईल त्याला खिडकी. तासभर आधी येण्याचं फळ आम्हाला मिळालं. वन्संना पाय लांब करायला सोफा मिळाला.

बंदराच्या तोंडातून बाहेर पडताना उजवीकडे सालामिस आणि त्याच्यापुढे प्सिताल्या नावाचं छोटं बेट दिसतं. लढाईच्या दिवशी इराणी राजाने तिथे सैनिक उतरवले होते. आज तिथे सगळ्या अथेन्सचं सांडपाणी शुद्ध होतं. हे म्हणाले, इतिहासापेक्षा हा उपयोग चांगला आहे. म्हणजे मूड सुधारला होता.

डेकवर शेजारी नाक्सोसची एक बाई बसली होती, डोक्याला रुमाल, बरोबर मुलगी. मुलीला इंग्रजी येत होतं. आई पिरेआसच्या कॅन्सर हॉस्पिटलमधून परत चालली होती, तीन आठवड्यांनी एकदा यावं लागतं, पाच-सव्वापाच तास इकडून, तेवढेच तिकडून. मी म्हटलं, दगदग होत असेल. मुलगी म्हणाली, दगदगीचं काही नाही, वाऱ्याची भीती असते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा वारा सुटतो, मेल्तेमी. तो फार वाढला, बोफोर्टच्या मापाने आठ-नऊवर गेला, की बंदराचे अधिकारी बोटींना बंदी घालतात. त्याला एक शब्द आहे, ‘आपागोरेफ्तिको’. तो शब्द बातम्यांत आला की बेटावर सगळे गप्प होतात. मग हॉस्पिटलला फोन करायचा आणि तारीख पुढे ढकलायची. खलाशांचा संप असला तरी तेच. आपण पर्यटक अशा वेळी एक रात्र हॉटेलचे पैसे गेले म्हणून हळहळतो. मला आदल्या दिवशीचे आमचे पन्नास-पन्नास युरो आठवले आणि मी विषय बदलला. वन्संनी उरलेली दशमी काढून त्या बाईला दिली. तिने वास घेतला, अर्धी मोडली, अर्धी मुलीला दिली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी नाक्सोस येईपर्यंत वन्सं तिच्याशी मराठीतच बोलत होत्या आणि ती ग्रीकमध्ये उत्तरं देत होती.

त्याआधी पारोस लागतं. तिथे शिरताना समुद्रात दोन खडक वर आलेले दिसतात. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री पिरेआसहून निघालेली ‘एक्स्प्रेस सामिना’ ही बोट त्यांच्यावर आदळून बुडाली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. मुलीने बोट दाखवून सांगितलं तेव्हा वन्सं एकच शब्द बोलल्या, “रामदास.” आमच्या अलिबागच्या घरात तो शब्द नुसता उच्चारला तरी पुरे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट, सहाशेवर माणसं. वन्संचा जन्म त्यानंतरचा, पण घरात दर आषाढ अमावास्येला तो विषय निघायचाच. धक्क्यावरून हात हलवलेली आणि परत न आलेली माणसं कोणती, ही यादी समुद्रकाठच्या प्रत्येक गावाकडे असते.

थिराला पोचलो ती दुपार होती. सांतोरिनी सुंदर आहे. फोटो सलूनमध्ये पाहा.

आता शेवटची एक गोष्ट सांगते आणि थांबते. आम्ही परत आलो. ५ सप्टेंबर २०२३ ला पिरेआसमध्ये क्रीटला जाणारी बोट सुटत होती. छत्तीस वर्षांचा एक माणूस उशिरा धावत आला आणि रँपवर चढायला लागला. खलाशांनी त्याला मागे ढकललं. रँप आणि धक्का यांच्या मधल्या पाण्यात तो पडला आणि बुडाला. बोट तशीच निघाली, नंतर तिला परत बोलावलं. बोटीवरच्या प्रवाशांनी काढलेली चित्रफीत जगभर दाखवली गेली. कप्तानाला आणि खलाशांना अटक झाली, लोक पिरेआसच्या रस्त्यावर उतरले, जहाजखात्याच्या मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला. मी वर म्हटलं ना, खलाशाने हात आडवे केले त्यात तुसडेपणा नव्हता. आमच्या वेळी नव्हता, एवढंच मी म्हणू शकते. हात आडवे करणं वेगळं आणि माणसाला ढकलणं वेगळं.

ती चित्रफीत मी सकाळी मोबाइलवर पाहिली. तोच लोखंडी उतार, तेच हिरवं-पांढरं पाणी, तेवढंच हातभर अंतर. मी मोबाइल उलटा ठेवला आणि यांना काही सांगितलं नाही.

दहा मिनिटांनी पुण्याहून वन्संचा फोन आला. इतक्या सकाळी त्या कधी फोन करत नाहीत. म्हणाल्या, “बाळ्या कुठे आहे?”

मी म्हटलं, “आंघोळीला गेलेत.”

“बरं,” म्हणाल्या. “काही नाही, सहज केला होता,” आणि फोन ठेवला.